घरचा कॉम्प्युटर: एका चुकीच्या क्लिकनं सगळं जाऊ नये म्हणून काय काय करून ठेवायचं

आमच्या बाबांनी एकदा स्क्रीनवर आलेल्या नंबरवर फोन लावला. ते बातम्या वाचत बसले होते, अचानक पूर्ण स्क्रीनभर लाल पाटी आली, भोंग्यासारखा आवाज सुरू झाला, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, मशीन बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा असं लिहून आलं आणि ते घाबरले. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलला म्हणे. त्यानं एक रिमोटचं, म्हणजे दुरून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं, अ‍ॅप टाकायला लावलं आणि चाळीसेक मिनिटं तो आरामात आत फिरत होता. हे आम्हाला कळलं दोन दिवसांनी, कारण बाबांना सांगायची लाज वाटत होती.

कळल्याबरोबर मेलचा पासवर्ड बदलला आणि सुटलो असं वाटलं. पण नंतर सहज मेलच्या सेटिंगमध्ये गेलो तर फॉरवर्डिंग चालू करून ठेवलेलं, बाबांना येणाऱ्या प्रत्येक मेलची एक कॉपी कुठल्यातरी अनोळखी पत्त्यावर जात होती. पासवर्ड बदलला तरी ते फॉरवर्डिंग तसंच राहतं, हे मला तेव्हा समजलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. घरातल्या मशीनवर चार-पाच माणसं बसतात, कुणी लहान, कुणी म्हातारं, कुणी घाईत, त्यामुळे कधी ना कधी कुणाकडून तरी चुकीचं क्लिक होणारच. सगळ्यांना चोवीस तास सावध राहा म्हणून सांगून काही होत नाही. मशीनच अशी लावून ठेवायची की एक चूक झाली तर एकच गोष्ट जाईल, सगळं जाणार नाही, आणि ज्याच्याकडून चूक होईल तो पाच मिनिटांत सांगेल. खाली सगळं विंडोज धरून लिहिलंय कारण बहुतेक घरांत तेच असतं, मॅक असेल तर मेनू वेगळे असतील पण कामं हीच आहेत.

सगळ्यात आधी बॅकअप

बाकीचे लोक अँटीव्हायरसपासून सुरुवात करतात, मी बॅकअपपासून करायला सांगेन. एक तर पुढच्या गोष्टी करताना काही गडबड झाली तरी फोटो शाबूत राहतील, आणि दुसरं म्हणजे रॅन्समवेअर आलं, म्हणजे सगळ्या फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा प्रकार, तर त्याच्यावर खात्रीचा उपाय बॅकअप हाच आहे.

एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, फोटो, कागदपत्रं, मुलांचे प्रोजेक्ट, हिशेबाच्या फायली सगळं तिच्यावर कॉपी करा आणि मग ती डिस्क काढून कपाटात ठेवा. काढून ठेवा हे महत्त्वाचं. कायम जोडलेली डिस्क म्हणजे रॅन्समवेअरच्या दृष्टीनं अजून एक ड्राइव्ह, ते त्यालाही कुलूप लावतं. ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह हे चांगलेच आहेत पण ते सिंक करतात, म्हणजे इथली फाईल खराब झाली की तिथलीही खराब कॉपी चढते. तिथं जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात म्हणून दुसरी कॉपी म्हणून वापरा, एकमेव कॉपी म्हणून नको. जाणकार लोक ३-२-१ म्हणतात ते हेच, तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर.

आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही, महिन्यातून एकदा त्यातली एखादी जुनी फाईल उघडून बघा. डिस्क वर्षभर कपाटात पडली होती आणि लागली तेव्हा कळलं की ती मशीनला दिसतच नाहीये, यापेक्षा वाईट दिवस नाही. मी डिस्कवर पट्टी चिकटवून शेवटच्या कॉपीची तारीख लिहितो, नुसती तारीख डोळ्यापुढे असली की आपण आपोआप करतो.

विंडोज कुठलं आहे ते बघा

स्टार्ट दाबून विनव्हर (winver) टाइप करा, छोटी खिडकी येईल त्यात लिहिलेलं असतं. विंडोज १० असेल तर इथं थांबून विचार करा, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. घरगुती लोकांसाठी मायक्रोसॉफ्टनं वाढीव सुरक्षा अपडेटची योजना काढली, नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतील अशी. म्हणजे ती मुदतवाढ झाली, कायमचा इलाज नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, ती कित्येक जुन्या मशीनमध्ये नसते किंवा असते पण बायोसमधून, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधून, बंद असते, तर आधी ते तपासून घ्या. नसेलच आणि मशीन फक्त ब्राउझर, मेल, व्हिडिओ एवढ्यासाठीच वापरात असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम टाकून बघा, जुन्या मशीनवर छान चालतं आणि अपडेट येत राहतात.

अपडेट पुढं ढकलायची सवय सगळ्यांनाच असते, मलाही होती. पण वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरचं उदाहरण बघा. १२ मे २०१७ ला ते पसरायला लागलं, १५० च्या आसपास देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटर अडकले, ब्रिटनमध्ये हॉस्पिटलांना पेशंटच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. आणि ते ज्या भोकातून आत शिरत होतं ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता, दोन महिने आधी. ज्यांनी तो अपडेट घेऊन रीस्टार्ट केलं होतं त्यांच्या मशीनमध्ये ते त्या वाटेनं शिरूच शकलं नाही. त्यामुळे विंडोज अपडेट ऑटोमॅटिक ठेवा, ब्राउझरच्या कोपऱ्यात अपडेटचं बटण आलं की दाबून टाका, आणि जी अ‍ॅप्स कुणी वापरतच नाही ती काढून टाका, नसलेल्या अ‍ॅपला अपडेट लागत नाही.

एक गोष्ट इथंच उरकून घ्या. नव्या विंडोज ११ मशीनवर डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे चावीशिवाय डिस्क वाचता येऊ नये अशी सोय, बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं आणि घरात कुणाला पत्ताच नसतो. एखाद्या दिवशी मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं आणि मग पळापळ. ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं मशीन सेट केलंय त्यात लॉगिन करून ती की शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा.

प्रत्येकाचं अकाउंट वेगळं, आणि अ‍ॅडमिन कुणीच नाही

बहुतेक घरांत एकच अकाउंट असतं आणि ते अ‍ॅडमिन असतं, म्हणजे मशीनवर काहीही बदलायची मुभा असलेलं, सगळे त्यातच बसतात. म्हणजे मुलानं गेमसाठी काही टाकलं तर ते तुमच्या बँकेच्या टॅबच्या शेजारी, पूर्ण अधिकारानं चालतं. हे बदलायला अर्धा तास लागतो, फक्त क्रम चुकवू नका नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल.

सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथं जाऊन आधी एक नवीन अकाउंट बनवा, त्याला काहीतरी साधं नाव द्या, दमदार पासवर्ड ठेवा आणि चेंज अकाउंट टाइप दाबून त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. मग साइन आउट होऊन त्या नव्या अकाउंटमध्ये एकदा खरंच जाऊन बघा, पासवर्ड चालतोय ना. चालला की तिथूनच तुमचं रोजचं अकाउंट स्टँडर्ड यूजर करा, आणि घरातल्या प्रत्येकासाठी एकेक स्टँडर्ड अकाउंट बनवा. हो, तुमचंही स्टँडर्डच. अ‍ॅडमिनचा पासवर्ड एका-दोघांनाच माहीत असावा आणि त्या अकाउंटमधून इंटरनेट कधीच बघायचं नाही.

आता काही इन्स्टॉल होताना मशीन अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागेल. मुलं सुरुवातीला वैतागतात, मोठीही वैतागतात, पण तो पासवर्डाचा चौकोन हाच खरा फायदा आहे, आपण काही न करता तो अचानक आला तर समजायचं काहीतरी आत घुसायला बघतंय, नो दाबायचं.

अँटीव्हायरससाठी वेगळे पैसे घालवायची बहुतेक घरांना गरज नाही असं माझं मत. विंडोज डिफेंडर सोबतच येतो आणि आता तो चांगला आहे. नव्या मशीनवर ट्रायलचा अँटीव्हायरस आलेला असतो, तो संपला की उगाच घाबरवणाऱ्या पाट्या दाखवत बसतो, काढून टाका. मग विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये रिअल टाइम आणि टँपर प्रोटेक्शन चालू आहे ना बघा, आणि तिथंच खाली रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस चालू करा. यानं अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्समध्ये बदल करता येत नाही. कधीकधी एखादं चांगलं अ‍ॅपसुद्धा अडतं, तेव्हा त्याला नाव घेऊन परवानगी द्यायची, सगळंच बंद करायचं नाही.

आणखी एक बारीक काम, फाईल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, फाईल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा. विंडोज फाईलचं शेपूट लपवतं, त्यामुळे बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई अशी फाईल नुसती बिल डॉट पीडीएफ दिसते. मे २००० मध्ये आयलव्हयू नावाचा व्हायरस जगभर पसरला त्यात हीच युक्ती होती, प्रेमपत्राची टेक्स्ट फाईल वाटायची, खरं शेपूट मागं लपलेलं.

ब्राउझर, कारण सगळं तिथूनच येतं

जाहिरात अडवणारं एक चांगलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाका. फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन चालतं, क्रोममध्ये त्याचं लाइट मिळतं. बाबांच्या स्क्रीनवर आलेली लाल पाटी जाहिरातीतूनच आली होती, आणि डाउनलोडची खोटी बटणं, सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी नकली साइट, यातलं बरंच काही यानं कमी होतं. बाकीची एक्स्टेन्शन मात्र काढा. कूपन शोधणारं, वॉलपेपर बदलणारं, पीडीएफ बदलणारं, यातल्या बऱ्याच जणांना तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचायची परवानगी दिलेली असते.

मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स उघडा. घरातल्या वयस्क माणसाच्या अकाउंटमध्ये उघडून बघाच, दहा-वीस साइटना परवानगी दिलेली सापडेल, व्हिडिओ बघायला अलाऊ दाबा म्हटलं आणि दाबलं. कोपऱ्यातून व्हायरस सापडला व्हायरस सापडला म्हणून येणाऱ्या पाट्या बऱ्याचदा याच असतात. सगळ्या काढा आणि साइटनी विचारूच नये असं सेट करा.

लिंकचा पत्ता वाचायला घरात सगळ्यांना शिकवा, पाच मिनिटांचं काम आहे. समजा पत्ता असा आहे, माझीबँक डॉट कॉम डॉट अकाउंट-चेक डॉट एक्सवायझेड स्लॅश लॉगिन. डावीकडून वाचलं तर माझीबँक दिसतं आणि आपण फसतो. पहिला एकेरी स्लॅश शोधायचा, आणि तिथून उलटं डावीकडे वाचायचं, शेवटचे दोन तुकडे म्हणजे खरा मालक. इथं मालक अकाउंट-चेक डॉट एक्सवायझेड, बँकेचा काही संबंध नाही. को डॉट यूकेसारखा जोडशेवट असेल तर तीन तुकडे बघायचे. कुलपाचं चिन्ह दिसतंय म्हणून साइट खरी हे डोक्यातून काढून टाका, चोराच्या साइटलाही कुलूप फुकट मिळतं.

रोबो नाही हे सिद्ध करा म्हणणारं पान

हे नीट वाचा, कारण २०२४ पासून हा प्रकार खूप वाढलाय आणि भल्याभल्यांना कळत नाही. एखादी साइट उघडली की नेहमीसारखा मी रोबो नाही चा चौकोन येतो. टिक केली की पुढं तीन पायऱ्या येतात: विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. बस एवढंच.

यात होतं काय, तर तुम्ही टिक केली त्याच क्षणी त्या पानानं एक लांबलचक कमांड गुपचूप तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे पेस्ट करण्याआधी मजकूर जिथं थांबतो तिथं, कॉपी केलेली असते. विंडोज आणि आर नं रनची खिडकी उघडते, कंट्रोल व्ही नं ती कमांड तिथं चिकटते, आणि खिडकी अरुंद असल्यामुळे तुम्हाला फक्त तिचं शेवटचं टोक दिसतं, तिथं मुद्दाम मी रोबो नाही, पडताळणी क्रमांक अमुक असं लिहिलेलं असतं. एंटर दाबला की तुम्ही स्वतःच्या हातानं चोराला आत घेतलं. आत येतं ते बहुधा इन्फोस्टीलर, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन कुकीज, म्हणजे साइटवर आपलं लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या खुणा, काही सेकंदात उचलून निघून जातं, स्क्रीनवर काहीच दिसत नाही. आणि सांगायला वाईट वाटतं पण स्टँडर्ड अकाउंटनंही हे थांबत नाही, त्या अकाउंटमधलं जे आहे ते जातंच. फक्त बाकीच्यांचं वाचतं, म्हणून तर वेगळी अकाउंट.

घरात एकच नियम करा. खरा कॅप्चा, म्हणजे रोबो नाही हे तपासणारा चौकोन, कधीच कीबोर्डवर असली बटणं दाबायला सांगत नाही. कुठल्याही पानानं रन, टर्मिनल, पॉवरशेल अशी कमांड चालवायची खिडकी उघडून काही पेस्ट करायला सांगितलं तर टॅब बंद. आणि पूर्ण स्क्रीनभर पाटी येऊन अडकलात तर एस्केप दाबून धरा, नाहीतर ऑल्ट आणि एफ४, तेही नाही झालं तर सरळ पॉवरचं बटण दाबून धरा, काही बिघडत नाही. कुठलीही खरी कंपनी स्क्रीनवर फोन नंबर देऊन व्हायरस झाला म्हणून सांगत नाही.

मुलांच्या बाबतीत हेच सगळं गेमच्या चीट, मॉड आणि क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून येतं. तिथल्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं की आधी अँटीव्हायरस बंद करा. मुलाला ओरडण्यापेक्षा हे वाक्य दाखवा आणि विचारा की घरात येणाऱ्यानं आधी राखणदाराला झोपवा म्हटलं तर तू दार उघडशील का, माझ्या भाच्याला हे एका झटक्यात पटलं.

पासवर्ड

२००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे तीन कोटींवर पासवर्ड जसेच्या तसे फुटले, त्यात सगळ्यात जास्त वापरलेला होता १२३४५६. पण खरा धोका सोप्या पासवर्डपेक्षा एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यात आहे, एका फालतू साइटचा फुटला की तोच घेऊन चोर तुमच्या मेलवर करून बघतो. हॅव आय बीन पोन्ड (haveibeenpwned.com) या साइटवर आपला मेल टाकून बघा, कुठं कुठं फुटलाय ते दाखवते, २०१३ पासून चालू आहे आणि भरवशाची आहे.

बिटवॉर्डन किंवा कीपाससारखा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारा प्रोग्रॅम, वापरा. आईवडिलांना ते जमत नसेल तर वहीत लिहून कपाटात ठेवू द्या, मी हे मनापासून सांगतो, दूर कुठं बसलेला चोर तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही. दर तीन महिन्यांनी बदलायची गरज नाही, लांब ठेवा, चार-पाच असंबद्ध शब्द जोडून.

सुरुवात मेलपासून करा कारण बाकी सगळ्या अकाउंटचे पासवर्ड रीसेट मेलवरच येतात. तिथं टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू करा, शक्यतो तो कोड देणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर, किंवा पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा मशीनमध्ये राहणारी चावी, मिळत असेल तर ती, कारण पासकी नकली साइटवर चालतच नाही. रिकव्हरी कोड कागदावर. आणि आमच्यासारखं होऊ नये म्हणून फॉरवर्डिंग आणि फिल्टर दोन्ही एकदा बघून घ्या.

राउटर

वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा, हा दुसरा लोक बदलतच नाहीत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं असेच कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, नाही उघडलं तर राउटरच्या खालच्या स्टिकरवर पत्ता असतो. अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा, डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिननं वायफाय जोडायची सोय, बंद करा, सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ किंवा ३ ठेवा. पाहुणे, टीव्ही, कॅमेरे यांना गेस्ट नेटवर्क. जमलं तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून ९.९.९.९ ठेवा, ते माहीत असलेल्या घातक साइट उघडूच देत नाही. लहान मुलं असतील तर क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३, तो घातक साइटसोबत प्रौढ साइटही अडवतो.

तरीही झालंच तर

आधी नेट तोडा, वायफाय बंद किंवा केबल काढा. मग त्या मशीनला सोडा आणि दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाईलवरून कामाला लागा. त्याच मशीनवरून पासवर्ड बदलले तर नवे पासवर्डही जातील. मेलचा पासवर्ड पहिला, आणि सोबत सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट हे बटण दाबायचंच, कारण कुकी चोरीला गेली असेल तर चोराला पासवर्ड किंवा ओटीपी लागतच नाही, तो आधीच आत असतो. मग बँक, फोन करायचा तो कार्डाच्या मागच्या नंबरवर, सर्चमध्ये सापडलेल्या नंबरवर नाही. पैशाला हात लागला असेल तर पोलिसात तक्रार त्याच दिवशी.

रॅन्समवेअर असेल तर पैसे देऊ नका, दिले तरी फायली मिळतील याची खात्री नाही. नो मोअर रॅन्सम ही साइट युरोपोल आणि डच पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांबरोबर २०१६ मध्ये सुरू केली, कित्येक प्रकारांच्या चाव्या तिथं फुकट मिळतात, आधी तिथं बघा. आज चावी नसेल तर ती कुलूपबंद डिस्क जपून ठेवा, पुढं कधीतरी मिळू शकते.

मशीन साफ करायला डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवता येतं, पण कुणी रिमोटनं आत येऊन गेलं असेल किंवा इन्फोस्टीलरची शंका असेल तर मी स्कॅनवर विसंबत नाही. रीसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग, क्लाउड डाउनलोड, आणि बॅकअपमधून फक्त फायली परत घ्यायच्या, प्रोग्रॅम नाही. म्हणून बॅकअप पहिला सांगितला.

आणि हे सगळं कधी, तर घरातल्या माणसानं सांगितलं तर. बाबांवर त्या दिवशी मी आवाज चढवला नसता तर बरं झालं असतं, दोन दिवस ते गप्प राहिले ते त्याच भीतीनं तर. आता मॉनिटरच्या कडेला मोठ्या अक्षरात कागद लावलाय, काही विचित्र आलं तर हात लावू नका, फोटो काढा, मला पाठवा, कितीही वाजले असले तरी. परवा रात्री साडेअकराला त्यांचा फोटो आला, निळी पाटी, रीस्टार्ट करा असं लिहिलेलं, खाली मेसेज, मी काहीही दाबलेलं नाही. नीट बघितलं, खराखुरा विंडोजचा अपडेट होता. म्हटलं बाबा, दाबा, हा आपलाच आहे.